निरुपमाबाईंची रेकॉर्ड

निरुपमाबाईंनी काउंटरच्या काचेवर बोटांनी ताल धरला आणि गाणं गुणगुणायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमधल्या त्या लहानशा रेकॉर्डच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"आई, हळू," हेरंब म्हणाला. तो बाबागाडी धरून दाराशीच उभा होता.

"हळू म्हटलं तर दुकानदाराला कळेल कसं? गाण्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि त्याची भाषा येत नाही."

दुकानदार साठीचा, कोलंबियाचा होता. टोपी मागे सारून त्यानं कान पुढे केला.

गेले तीन महिने दुपारी नातीला तेल लावताना वरच्या मजल्यावरून ही स्पॅनिश गाणी निरुपमाबाईंच्या कानावर यायची. ट्रम्पेट, ढोल आणि कडाडून भांडल्यासारखा एका बाईचा आवाज. त्यातलं एक तर एकही शब्द न कळता त्यांना पाठ झालं होतं. हेरंबच्या हातातल्या पिशव्यांमध्ये बडोद्याच्या नातेवाइकांसाठी शाम्पू, चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या होत्या. स्वतःसाठी त्यांनी ही एक रेकॉर्ड तेवढी मागितली होती.

दुकानदारानं एक रेकॉर्ड लावली. ही नव्हे. दुसरी लावली. हीसुद्धा नव्हे.

"सीडी घे ना एखादी," हेरंब म्हणाला. "हल्ली रेकॉर्ड कोण वाजवतं?"

"मी वाजवते. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी आपला प्लेयर अजून चालू आहे."

"अगं, ही बारमध्ये वाजवायची गाणी. शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांचा टीव्ही मी रोज ऐकतेच की."

तिसरीही ती नव्हती. दुकानदार मागच्या फळीवर शोधायला गेला. हेरंबनं घड्याळ पाहिलं.

"एवढी घाई काय आहे, आई? पुढच्या महिन्यात निवांत येऊ."

"पुढच्या महिन्यात मी बडोद्याला असेन."

हेरंबनं बाबागाडीवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

"हेरंब."

"मी तुझं तिकीट पुढे करून घेतलंय. अजून तीन महिने. सकाळीच एजंटकडे जाऊन आलो. संध्याकाळी सांगणारच होतो. मितालीचं ऑफिस सुरू होतंय आणि पाळणाघरात इतक्यात जागा नाहीये."

"मला विचारलंस?"

"बाबांशी बोललो ना फोनवर. ते म्हणाले, राहू दे. त्यांचा डबा लावलेला आहे, त्यांचं काही अडत नाही."

"मला विचारलंस का, एवढंच सांग."

"तू काही नाही म्हणाली नसतीस."

निरुपमाबाई शाळेत शिकवत होत्या तेव्हा त्यांचा आवाज दोन वर्ग ओलांडून जायचा. इथे आल्यापासून तो त्यांनी कधी काढला नव्हता. बाळ झोपलेलं असे, सून मिताली दमलेली असे, भिंती पातळ होत्या.

"मी काय तुझं सामान आहे? आणखी तीन महिने ठेवून घेतलं, झालं?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना मराठी कळत नाही. तुला कळतं ना, तू ऐक. बाळंतपणाला ये म्हणालास, आले. रात्री जागले, दिवसा स्वयंपाक केला. कुरकुर केली का एकदा तरी? माझ्या नातीचं करताना मला जड नाही वाटलं. पण बापलेकांनी परस्पर फोनवर ठरवायचं, आणि मी?"

"पण तिकडे तुझं असं काय अडलंय?" हेरंबचाही आवाज चढला. "नोकरी नाही, काही नाही. बाबा तर स्वतःच राहा म्हणतायत."

निरुपमाबाई त्याच्याकडे वळल्या.

"माझं घर आहे तिथे. जायला आणखी काही अडावं लागतं का?"

तेवढ्यात मागून ट्रम्पेट कडाडलं आणि त्या बाईचा आवाज लागला.

"हीच!" निरुपमाबाई मराठीतच ओरडल्या. दुकानदार हसला.

त्या हसल्या नाहीत. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, ही बाई काय म्हणतेय ते आपल्याला कळतंय. गाणं संपेपर्यंत त्या काउंटर धरून उभ्या राहिल्या. मग स्वतःच्या पर्समधून पैसे काढून दिले, रेकॉर्ड घेतली आणि सवयीनं गुजरातीत निरोप घेत म्हणाल्या, "आवजो."

"आदिओस, सेन्योरा," दुकानदारानं टोपी काढून निरोप दिला.

फुटपाथवर येताच त्यांनी हेरंबपुढे हात केला.

"पासपोर्ट."

"आत्ता?"

"सकाळी एजंटकडे घेऊन गेला होतास ना? कोटातच असेल."

हेरंबनं खिशातून पासपोर्ट काढून दिला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला नाही, मुठीतच धरला.

"त्या एजंटचं ऑफिस कुठे आहे?"

"पुढच्या चौकात, दुकानाच्या वर. पटेल नाव त्यांचं. पण आई, रात्री मितालीसमोर शांतपणे बोलू या ना."

"बोलणं झालंय तुमचं. माझं मी पटेलांशी बोलते. गुजराती मला तुझ्यापेक्षा बरं येतं."

रेल्वेपुलावरून गाडी धडधडत गेली आणि बाळ दचकून जागं झालं. मुठी आवळून, लालबुंद होऊन रडायला लागलं. हेरंबनं बाबागाडी हलवून पाहिली, पिशव्या खाली ठेवून बाळाला उचलून घेतलं. रडणं आणखीच वाढलं.

"आई, हिला घे ना जरा. माझ्याकडे राहत नाही ती."

निरुपमाबाईंचे खांदे आपोआप पुढे झाले. तिथेच थांबले. एका हातात रेकॉर्ड होती, दुसऱ्यात पासपोर्ट.

"माझे हात मोकळे नाहीत," त्या म्हणाल्या आणि चौकाच्या दिशेनं चालायला लागल्या.