दारावरचं घर

दस्तगीरनं जुन्या जीपचं ॲल्युमिनियमचं दार घासून लख्ख केलं होतं. उघड्या धातूवर लगेच प्रायमर मारला नाही तर पुढे रंग धरत नाही, म्हणून त्यानं घाईनं स्प्रे गन उचलली. तेवढ्यात जीपच्या मालकीणबाई गॅरेजात आल्या आणि त्या दारापुढे थबकल्या.

"इथं रेणूनं खिळ्यानं घर काढलं होतं," त्या म्हणाल्या. "माझी लेक. गेल्या साली गेली. ते पुन्हा उमटेल का हो?"

चेपलेले पत्रे तीस वर्षं सरळ करत आलेल्या दस्तगीरनं स्प्रे गन खाली ठेवली.

"पण घासायला सांगितलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"ओरखडे पार घालवा, मला बघवत नाहीत," असं सकाळी सांगणारे रेणूचे वडील फाटकाशी खाली मान घालून उभे होते.

"कुणी नाही. चुकलं माझं, ताई," दस्तगीर म्हणाला.