सातव्या गणितातली चूक

सुईनं ती चूक मुद्दाम केली. तीन क्ष अधिक सहा बरोबर एकवीस, एवढंसं समीकरण. सहा पलीकडे नेताना अधिकचं उणे करायचं, की क्ष येतो पाच. तिनं अधिकचं अधिकच ठेवलं. क्ष आला नऊ. उत्तर दिसायला इतकं सरळ की कुणाला शंकाही येऊ नये. गणितं पेन्सिलीनंच सोडवायची हा बाईंचा नियम, त्यामुळे वही परत आली की खोडायची सोय होतीच.

वर्गात त्या दोघी सुई-दोरा. ही बारकी म्हणून सुई, ती लांबलचक म्हणून दोरा. रोज शाळा भरायच्या आधी दोरा गृहपाठाची वही मागायची, सुई आधी चार शब्द सुनवायची आणि मग द्यायची. त्या सुनवण्यातच तर खरी मजा! पण ती नवी चष्मेवाली वर्गात आली आणि मधल्या सुट्टीत दोरा तिच्याच बाकावर दिसायला लागली. डोक्याला डोकं लावून काय ते कुजबुजणं, काय ते खिदळणं. सुईचा नुसता जळफळाट. डबा घशाखाली उतरेना. आणि एवढं करून सकाळी वही मागायला महाराणी पुन्हा हिच्याच दारात! घे म्हणावं. राहा आज फळ्यापाशी उभी, ते नऊ घेऊन.

घंटेच्या जरा आधी दोरा वही घेऊन आली.

“तुझं सातवं चुकलं होतं गं,” ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. “चिन्ह बदलायचं राहिलं होतं. मी खोडून नीट केलंय. नाहीतर बाईंनी तुला धुतलंच असतं.”

सुईनं पटकन वही हातात घेतली. “तुला कसं कळलं?”

“मला येतंय आता!” दोरा खुशीत होती. “तिच्याकडून शिकले, मधल्या सुट्टीत. किती दिवस तुझ्या जिवावर उड्या मारायच्या? आज तुझी वही उतरवायला नव्हती घेतली, माझी उत्तरं बरोबर आलीत का ते बघायला घेतली. सगळी जुळली. ते एक सोडून.”

सुईनं वही उघडली. तिथे पाच होता, दोराच्या गोलमटोल अक्षरातला. लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून जास्त राग आला तो चष्मेवालीचा. मैत्रीण पळवली ती पळवली, वर तिला शहाणीही करून ठेवली!

“उद्यापासून तुझ्यामागे भुणभुण नाही,” दोरा म्हणाली. “सुटलीस एकदाची.”

घंटा झाली. दोरा चष्मेवालीच्या बाकाकडे वळली, तशी सुईनं तिची बाही धरली.

“माग की गं,” ती म्हणाली. “सगळीच कशी येतील? एखादं तरी अडेल ना?”