टुलू हरवली आहे

तीनच्या खेळाचं मध्यंतर झालं आणि पडद्यावर स्लाइड पडली : ‘टुलू नंदी, वय आठ. ब्रह्मदेशातून पायी येताना नदीच्या उतारावर चुकामूक. दिसल्यास या थिएटरच्या मॅनेजरना भेटा.’

कोलकात्यात त्या साली भात मिळत नव्हता, पण हा हिंदी बोलपट दुसऱ्या वर्षीही भरून चालला होता. गाण्यांसाठी लोक पुन्हा पुन्हा येत. गोष्टीतली हरवलेली मुलगी शेवटच्या गाण्याला बापाला सापडे, तेव्हा बायकांचे पदर डोळ्यांना लागत. म्हणून भूपती नंदींनी स्लाइडसाठी हेच थिएटर धरलं होतं. ते आणि त्यांची बायको नीरदा, थिएटरातल्या सगळ्यांची बौदी म्हणजे वहिनी, रोज मध्यंतराला येऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसत.

मॅनेजर हरिसाधन पाल यांनी त्यांना एकच सल्ला दिला होता. “उजव्या खांद्यावरचा भाजल्याचा डाग स्लाइडवर घालू नका, दादा. नाहीतर जी ती डाग पाडून येईल.”

दरवान रामखेलावन दारातून डोकावला. “बाबू, आणखी एक टुलू आणलीय.”

“पेज मागणाऱ्यांतलीच ना?”

“मग काय तूपभात खाणारी आणू?”

मुलगी म्हणजे नुसती हाडं होती. नाव विचारल्यावर “टुलू” म्हणाली आणि मुरमुऱ्यांच्या वाटीवर तुटून पडली. खाता खाता अंगावरचं फडकं घसरलं. दोन्ही खांदे कोरे. पालबाबूंनी मान फिरवली. आजवर आलेल्या साऱ्या मुलींना नीरदाबौदींनी तपासून परत पाठवलं होतं. हीही जाईल.

बौदी तिला तिकिटांच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लागलं. बाहेर आल्या तेव्हा मुलगी त्यांच्या पदरात गुंडाळलेली होती.

“डाग आहे,” त्या म्हणाल्या. “आपली टुलूच आहे, अहो.”

नंदी जमिनीवरच बसले. मुलीचं तोंड ओंजळीत धरून रडले. मग डोळे पुसत उठले. “रिक्षा बघतो. हिला चालवणार नाही.”

ते गेल्यावर पालबाबूंनी दार लोटलं. “बौदी, रागावू नका. डाग नाही. मी पाहिलंय.”

“नाहीच आहे.”

“मग?”

बौदींनी मुलीला खुर्चीवर बसवलं, वाटी हातात दिली आणि आवाज खाली आणला. “वाटेत यांना ताप चढला होता. बैलगाडीत घालून लोकांनी पुढे नेलं. मागे टुलूला जुलाब लागले. माझ्या मांडीवर गेली. नदीकाठी मीच पुरली. यांना म्हटलं, गर्दीत हात सुटला. खरं बोलले असते तर हे त्या गाडीवरून उठलेच नसते.”

“आणि आता?”

“गेल्या आठवड्यापासून ताटाला शिवत नाहीत. वाट बघून बघून संपत चाललेत. आज घरी हे आणि ही पोर, दोघंही जेवतील.” त्यांनी हात जोडले. “तुम्हाला तुमच्या लेकरांची शपथ, दादा. यांना कळू देऊ नका.”

पालबाबूंनी दार उघडलं. आत गाणं सुरू झालं होतं आणि अख्खं थिएटर बरोबरीने गात होतं.

रिक्षा आली. नंदींनी मुलीला स्वतः उचलून वर बसवलं, पदर नीट केला, बायकोला हात दिला. मग दोघींना थांबायला सांगून ते एकटेच पायऱ्या चढून परत आले.

“बरं झालं, नंदीबाबू,” पालबाबू घाईने म्हणाले. “उद्यापासून स्लाइड काढतो.”

“काढू नका.” नंदींनी एकदा मागे वळून रिक्षाकडे पाहिलं. “उचलताना खांदा पाहिला मी. ही आमची नव्हे. नीरदाला आपली वाटतेय, तर वाटू दे. तिला काही बोलू नका. पण स्लाइड चालू ठेवा, पालबाबू. माझी पोर अजून कुठेतरी वाट बघत असेल.”