अकरा दिवसांच्या खुणा

पाण्यात बुडबुडा आला.

वहिनीने नळीचं टोक पुन्हा वाकवलं. पुन्हा आला. मोहरीएवढा, वाकणापाशी, मग एकामागून एक.

पोटात कॅमेरा सोडून तपासायची ती लांब काळी नळी. दर वेळी धुण्याआधी तिच्यात हवा भरायची, ती पाण्यात धरायची आणि गळते का ते पाहायचं. गळकी असली, तर औषधात कितीही बुडवली तरी आत घाण राहते आणि पुढच्या माणसाच्या पोटात जाते.

अकरा दिवसांची रजा संपवून वहिनी आजच कामावर आली होती. तिने हात पुसले आणि भिंतीवरची वही काढली. रोजच्या रकान्यात ‘गळती नाही’ असं लिहून बरोबरची खूण केलेली. सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच दमात केल्यासारख्या. अक्षर वन्संचं. थोरल्या नणंदेनेच तिला या कामाला लावलं होतं, म्हणून तर सगळा विभाग तिला वहिनी म्हणायचा.

वन्सं हातमोजे चढवत आत आल्या. आधी टबाकडे पाहिलं, मग वहीकडे.

“वन्सं, ही तपासणी रोज केलीत ना?”

त्यांनी मोज्याचं बोट ओढून सरळ केलं. “दोन नळ्या, रोजचे चौदा पेशंट आणि मी एकटी. घासायचं, भिजवायचं, वाळवायचं. काय काय करू? घासण्यात मात्र कसूर नाही केली गं. हाताची सालं निघालीत.”

“पण केव्हापासून गळतेय?”

“मला कसं कळणार? पाहिलंच नाही तर.”

दारावर टकटक झाली. डॉक्टरांनी डोकं आत घातलं. “झाली का नळी? पेशंटला झोपवलंय.”

“नाही सर. गळतेय,” वहिनी म्हणाली. “दुसरी घ्या, ती मी आत्ताच तपासलीय.”

“गळतेय? कधीपासून?”

वहिनीच्या तोंडात ‘आजच’ हा शब्द आला होता. म्हटलं तर खोटाही नव्हता, गळती दिसली आजच होती. वन्संना निवृत्त व्हायला सात महिने राहिले होते. घरी एकाच ताटाळ्यातली ताटं होती दोघींची.

“तिला काय विचारताय?” वन्संनी वही तिच्या हातातून घेतली. “ती रजेवर होती. अकरा दिवस मी नुसत्या खुणा केल्यात, सर. एकदाही पाण्यात धरली नाही.”

डॉक्टर आत आले. दार मागे आपोआप लागलं. टबातली हवा बुडबुडत राहिली.

दुपारपर्यंत यादी निघाली. या नळीने तपासलेले एकसष्ट जण. सगळ्यांना बोलावून रक्त तपासायचं ठरलं. लागण झाली असेलच असं नाही, पण नसेलच असंही कोणी म्हणेना. फोन मुख्य परिचारिका करणार होत्या.

“पहिला मी करते,” वन्सं त्यांना म्हणाल्या. “पुढचं तुम्ही ठरवाल तसं. माझी चौकशी व्हायचीय, ती होईलच.”

त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. वहिनी शेजारी उभी राहिली. नंबर लावताना वन्संचं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा घंटी वाजली. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. दवाखान्याचं नाव ऐकताच त्यांचा आवाज खुलला.

“अरे वा! त्या दिवशी मला रिक्षापर्यंत धरून नेलंत, त्याच ना तुम्ही?”

“हो. मीच.”

“बघा! आणि आता तब्येत विचारायला फोनसुद्धा केलात,” ते म्हणाले. “एवढं कोण करतं हो हल्ली?”