असिमो कुणाची?

नातीचा बाप्तिस्मा होऊन तिला आजीचं नाव मिळालं, त्याच वर्षी लाम्ब्रोसनं बायकोची, असिमोची, हाडं थडग्यातून वर काढली. ती जाऊन तीन वर्षं झाली होती; तीन वर्षांनी हाडं काढून पेटीत ठेवायची, तिकडची रीतच तशी. वाइननं धुऊन ती पत्र्याच्या पेटीत भरली आणि पेटी मांडीवर घेऊन तो बसनं असिमोच्या गावी आला. "मला माझ्या गावात ठेवा," एवढंच तिनं मागितलं होतं.

तो इथं पहिल्यांदाच येत होता. पण चौकातलं मनोऱ्याचं घड्याळ, कमानींचा पूल, सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं. पेटी काखेत धरून तो आधी किल्ल्यावर चढला. वरून समुद्र दिसतो, असं ती जन्मभर सांगत आली होती. वर पोचला तर चहूकडे डोंगर आणि खाली जैतुनाची झाडं. समुद्राचं नाव नाही. पेटीशेजारी बसून तो धापा टाकत राहिला. ती असती तर तिला चांगलं चिडवलं असतं.

दफनभूमीच्या राखणदारानं पेटीला हातही लावला नाही.

"कुणाची?"

"घड्याळामागच्या द्राकोसांची लेक."

"द्राकोसांना एकच लेक, देस्पिना. ती तर मघाशी पाव घेऊन गेली, टुणटुणीत! आजोबा, गाव चुकलात. इथं फक्त गावच्या माणसांना जागा."

लाम्ब्रोस घर विचारत देस्पिनाच्या दारात गेला. काळ्या कपड्यांतली म्हातारी काठी टेकत आली. असिमोचं नाव ऐकून ती उंबऱ्यातच खाली बसली.

"लेक! जिवाची लेक म्हणायचे तिला आमच्याकडं. तेव्हा पुष्कळ घरांत असायच्या अशा, डोंगरातून आणलेल्या गरिबाच्या पोरी. भांडी घासायची, चुलीपाशी निजायची. आई तिला दाराबाहेर सोडत नसे."

"मग तो किल्ला? ते घड्याळ?"

"मी हिंडून यायची आणि निजताना तिला सांगायची. रडायला लागली की जरा वाढवून सांगायची. तो समुद्र माझा."

लाम्ब्रोसनं पेटी उचलली. आता ती कुठं न्यायची, ते त्याला कळेना.

"निघालात कुठं?" देस्पिना ओरडली. "दफनभूमीत आमच्या घरच्या हाडांच्या कोनाड्यात आईबाप आहेत. त्यांच्याशी माझं जिवंतपणी पटलं नाही. मेल्यावर तरी बोलायला कुणी नको का मला?"

ती शाल घेऊन त्याच्याबरोबर निघाली. राखणदारानं पुन्हा विचारलं, "कुणाची?"

"आमची. आता तरी हात लाव पेटीला, मेल्या!"

हिवाळ्यात लाम्ब्रोस काळा कोट घालून पुन्हा त्याच बसनं आला. असिमोची बहीण देस्पिना संत निकोलसच्या सणादिवशी वारली होती.