पाचवा पाय

बड्या कंपनीच्या नकली बॅगा शिवाव्यात तर मास्तरांनीच. वीस वर्षं त्यांच्या हातचा माल भाऊंची टोळी गावभर खपवत होती. खोट एकच होती. बॅगेवरच्या घोड्याच्या चिन्हाचा साचा करताना मास्तरांच्या मेहुण्याने शेपटीलाही खूर काढला आणि कंपनीचा घोडा पाच पायांचा झाला. पण गिऱ्हाइकांपैकी कोणी कधी पाय मोजले नाहीत.

मग परदेशातून कंटेनर भरभरून नकली बॅगा उतरल्या, त्याही निम्म्या किमतीत. मास्तरांनी एक उलटून पाहिली, तर घोड्याला पाच पाय!

"चोर लेकाचे!" मास्तर कडाडले. "आमच्या मालाची नक्कल करतात!"

भाऊंनी त्यांना शांत केलं. "मास्तर, जग कुठल्या कुठे गेलं. हल्ली खुद्द कंपनीसुद्धा परदेशातल्या त्याच कारखान्यातून बॅगा शिवून घेते. तुम्ही आता एक अस्सल बॅग आणा आणि तिच्यावरून हुबेहूब साचा करा. नाहीतर गाशा गुंडाळा."

मास्तर जन्मात पहिल्यांदा कंपनीच्या थंडगार शोरूममध्ये शिरले. मनातल्या मनात मेहुण्याचा उद्धार करत त्यांनी चष्मा पुसला, बॅग हातात घेतली आणि बोट ठेवून घोड्याचे पाय मोजले. मग पुन्हा मोजले.

विक्रेती कौतुकाने हसली.

"काका, तुम्ही जाणकार दिसता! अस्सल मालाची हीच तर खूण. नकली घोड्याला चारच पाय असतात."