कुलूपकाकांचं कार्ड

“झाकण उघडायचं नाही. आत धूळ जाते,” असं म्हणत कुलूपकाका मशीनसमोर हात पसरून उभे राहिले.

“काका, झाकणाला कोण हात लावतंय? मी बसल्या जागेवरून चाचणी घेणार आहे,” धाकटी इंजिनिअर म्हणाली.

इस्पितळाच्या तळघरातली ती थंडगार खोली. रुग्णांचे जे अहवाल बाहेरगावच्या डॉक्टरांकडे जायचे, ते आधी इथे कुलूपबंद व्हायचे. म्हणजे वाटेत कुणी डोकावलंच, तर त्याच्या हाती नुसती अगम्य अक्षरं यावीत. या कामाचं खास कार्ड काकांनी अकरा वर्षांपूर्वी हट्टानं आणवलं होतं. तेव्हाचा प्रोसेसर एवढ्या कामानं धापा टाकायचा. त्या कार्डावरून काकांना नाव पडलं ते पडलंच. तीन वर्षांपूर्वी मशीन बदललं, तर काकांनी जुन्यातलं कार्ड काढून नव्यात बसवलं, नव्या घरात आजोबांची खोली आधी लावावी तसं. आल्यागेल्याला ते सांगत, “वाघ आहे वाघ!”

वाघाचे दात पडलेत, हे धाकटीला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. नव्या प्रोसेसरला कुलूप घालायची कला उपजतच येत होती. असं असताना प्रत्येक अहवाल कार्डाकडे पाठवायचा आणि परत आणायचा, म्हणजे घरात इस्त्री असून एकेका रुमालासाठी लॉन्ड्रीत जाण्यातला प्रकार. एका आठवड्यात डॉक्टरांच्या तक्रारींचा पाऊस पडला. अहवाल वेळेवर मिळत नव्हते. शुक्रवारी तिनं गुपचूप एक सेटिंग बदललं आणि सगळं काम प्रोसेसरकडे वळवलं. सोमवारपासून तक्रारी थांबल्या. श्रेय अर्थातच कार्डाला मिळालं. काका तारीफ करत राहिले, ती मान डोलवत राहिली.

आज इस्पितळाच्या प्रमुख, मोठ्या बाई, स्वतः तळघरात उतरल्या होत्या. नव्या शाखेसाठी असलंच कार्ड घ्यायचं की प्रोसेसरवरच भागवायचं, हे त्यांना आकड्यांत हवं होतं. धाकटीनं सकाळी लवकर येऊन सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवलं होतं. कार्ड हरणार हे नक्की होतं, पण निदान ते स्वतः पळून हरलं असतं. काकांचा पडलेला चेहरा कसा बघायचा, एवढाच तिला घोर होता.

“दहा हजार अहवाल. आधी प्रोसेसर,” ती म्हणाली.

चाळीस सेकंद.

“आता कार्ड.”

तिचा अंदाज तीन मिनिटांचा होता. तेवढ्यात समजुतीचे चार शब्द जुळवता येतील, असा तिचा हिशेब होता.

चाळीस सेकंद.

“बरोबरी!” मोठ्या बाईंनी टाळीच वाजवली. “अकरा वर्षांचं म्हातारं कार्ड नव्या प्रोसेसरच्या खांद्याला खांदा लावतंय, मग नवं काय धावेल! घेऊन टाकू. काका, मानलं तुम्हाला.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं. काकांनी एव्हाना मिशीला पीळ द्यायला हवा होता. ते चष्मा पुसत होते, आणि तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

“बाई, सही करू नका,” धाकटी म्हणाली. “हे कार्ड इतकं पळूच शकत नाही. काका, मला माफ करा. दोन वर्षांपूर्वी मी त्याचं काम काढून घेतलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “त्या तक्रारींच्या आठवड्यात?”

“हो. शुक्रवारी.”

“अरे देवा! मी रविवारी येऊन ते उपसून घरी नेलं.” त्यांनी झाकण उघडलं. आत रिकामी खाच होती. “कार्ड सापडलं नाही, की मशीन मुकाट्यानं प्रोसेसरला जुंपतं. तू दोन्ही वेळा प्रोसेसरच पळवलास, पोरी.”

मोठ्या बाईंना हसू आवरेना. नव्या कार्डाच्या कागदावर त्यांनी काट मारली आणि “तुमचं चालू द्या” म्हणत त्या जिना चढून गेल्या.

“मग दोन वर्षं ते ‘वाघ, वाघ’ काय लावलं होतंत?” धाकटीला रागवावं की हसावं कळेना.

काका लाजले. “मुलाखतीत तू म्हणाली होतीस ना, याच कार्डावर शिकायला मिळावं म्हणून इथे यायचंय. म्हटलं, ते गेलं हे कळलं तर तूही जाशील. तुझ्याआधीचे चौघे काही टिकले नाहीत गं.”

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून धाकटीनं शिपायाला विचारलं होतं, “आतल्या काकांना कशाबद्दल बोललेलं आवडतं?” या कार्डाबद्दल तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं होतं.

एका दिवसाला एक कबुली पुरे, असं तिनं ठरवलं.

“उद्या घरून घेऊन या ते,” ती म्हणाली. “शिकायचं राहूनच गेलंय माझं.”